ट्यूब लावली आणि पिंपल्स वाढले, आता काय करू?

मागच्या अंकात एका मुलीला उत्तर देताना मी एवढंच लिहिलं होतं की डॉक्टरांनी पिंपल्सवर दिलेलं रेटिनॉइड क्रीम, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातलं औषध, तीन महिने तरी सोडू नकोस. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं मेडिकल आहे, आणि कॉलेजात असताना मला स्वतःला गालावर, हनुवटीवर भरपूर पिंपल्स होते आणि त्यावर डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन, असंच एक रेटिनॉइड, मी बरीच वर्षं लावलंय. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजूंनी मला ही ट्यूब चांगली माहितीय. काउंटरवरून बघताना मनाला लागतं ते एकच, लोक ट्यूब घेऊन जातात, दोन-तीन आठवड्यांत चेहरा सोलायला लागतो, पुटकुळ्या वाढतात, मग घरातले म्हणतात बंद कर ते, आणि ट्यूब फ्रीजच्या दारात पडून राहते. औषध कामाला लागलेलं असतं नेमक्या त्याच आठवड्यात सोडून देतात. डॉक्टरांकडं गर्दी असते, तिथं एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून इथं निवांत लिहिते.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे, विद्यापीठात एमएस्सी करते, हॉस्टेलला असते. कपाळावर बारीक बारीक पुरळ आणि गालावर मोठे पिंपल्स होते म्हणून स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल रात्री लावायला दिलं. तीन आठवडे झाले, आधी होते त्याच्या दुप्पट पिंपल्स आलेत, तोंडाच्या कडेला कातडी निघते, फेसवॉश लावला तरी चुरचुरतंय. आई फोनवर रोज म्हणते बंद कर आणि हळद लाव. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. रूममेट म्हणते हे पर्जिंग आहे, खरं मला तर भीती वाटायला लागलीय की चेहरा कायमचा खराब होईल. काय करू?

उत्तर : अगं, आधी घाबरणं थांबव. तुझी रूममेट बरोबर सांगतेय असं तुझ्या पत्रावरून वाटतंय, आणि चुरचुरणं कमी करायलाही बरंच काही हातात आहे.

आत काय चाललंय ते समजलं की भीती निम्मी होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाला एक नळी असते, तिच्यात तेलाची ग्रंथी उघडते आणि आतली कातडी सतत झडून बाहेर पडत असते. पिंपल्स येणाऱ्यांच्या त्वचेत ही झडलेली कातडी सुटी होत नाही, तेलात चिकटून तिथंच बसते, न्हाणीतल्या मोरीत केस आणि साबण अडकून पाणी तुंबतं ना, तसंच. हे तुंबणं सुरुवातीला डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मग कधी काळं टोक, कधी पांढरं टोक, आणि आत जंतू वाढून सूज आली की लाल दुखरा पिंपल. म्हणजे आज तुझ्या गालावर जो दिसतोय त्याची सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते.

रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातली औषधं, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, टॅझारोटीन ही त्यातली नावं. ती नळीतल्या पेशींना नीट सुटं होऊन झडायला लावतात आणि नवीन बूच तयार होऊ देत नाहीत, अ‍ॅडापलीन सूजही कमी करतं. खरं जे आधीच आत तयार होऊन बसलंय ते कुठं जाणार? ते लवकर वर येतं. जे पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून आलं असतं ते आता एकदम आलंय, यालाच पर्जिंग म्हणतात. साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत हे चालतं, सगळ्यांनाच होतं असंही नाही. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसायला लागतो, आणि त्याच्याही पुढं तो वाढत जातो.

आता हे पर्जिंग आहे का औषध सोसत नाहीये, हे ओळखायचं कसं? नेहमी जिथं पिंपल्स येतात तिथंच आले, लवकर पिकून लवकर बसले, तर बहुतेक पर्जिंग. जिथं आयुष्यात कधी आला नाही तिथं लालभडक चट्टे, सतत आग, पापण्या सुजणं, पाणी सुटणं, अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, यातलं काही झालं तर क्रीम त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं, इथं वाट बघत बसायचं नाही. आणि सहा-आठ आठवड्यांनंतरही नवीन गाठी येतच राहिल्या तर पर्जिंग म्हणून स्वतःची समजूत घालत बसू नकोस, परत दाखव.

तुझं तोंडाच्या कडेला सोलणं मला अगदी ओळखीचं आहे. मलाही सुरुवातीला ओठांचे कोपरे फुटायचे आणि घरी रविवारी तांबडा रस्सा केला की डोळ्यातून पाणी यायचं. तेव्हा मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं तेच मी आज गिऱ्हाइकांना सांगते. ओठांचे कोपरे आणि नाकपुडीच्या कडा इथं आधी थोडं व्हॅसलीन लावून घ्यायचं, म्हणजे क्रीम तिथं सरकत नाही. चेहरा साध्या सौम्य फेसवॉशनं धुवायचा, टॉवेलनं टिपायचा, घासायचा नाही, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत वीसेक मिनिटं थांबायचं कारण ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, एवढंच, कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवायचं. नुसतं पिंपलवर टेकवायचं नाही, कारण आपल्याला अजून न दिसलेल्यांना अडवायचंय. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत नाही, फक्त जास्त सोलतं, आणि हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते.

तुला आत्ता इतकं चुरचुरतंय तर डॉक्टरांना फोन करून विचार की एक रात्र सोडून एक रात्र लावू का, बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, काही तर सुरुवातच आठवड्यातून दोन-तीन रात्रींनी करून देतात. आणि मॉइश्चरायझर! आपल्याकडं तेलकट चेहऱ्यावर परत क्रीम कशाला असं वाटतं. लाव तू. आधी मॉइश्चरायझर, त्यावर औषध, त्यावर परत मॉइश्चरायझर असं केलं तरी चालतं. सध्या स्क्रब, लिंबू, बेसन, आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला फेसवॉश असेल तर तोसुद्धा बाजूला ठेव.

आईला सांग की हळदीनं आतलं बूच सुटत नाही आणि सोललेल्या कातडीवर ती झोंबेल. आईंची काळजी खरी आहे, लेकीचा चेहरा असा बघून कुठल्या आईला बरं वाटेल, म्हणून हे सदरच त्यांना वाचायला पाठव. लग्नासाठी एकच, त्याआधी फेशियल, ब्लीच, वॅक्स यातलं चेहऱ्यावर काही करू नकोस, मेकअप केलास तर चालेल, रात्री आल्यावर नीट काढून झोप.

प्रश्न : मुलगा १८ वर्षाचा आहे, तालमीत जातो, पाठीवर आणि खांद्यावर लई फोड येतात, आता तोंडावर पण यायला लागलेत. डॉक्टरनी रात्री लावायचं जेल दिलंय अ‍ॅडापलीनचं आणि सकाळी लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइड. वस्ताद म्हणतात ही अंगातली उष्णता हाय, बाहेर पडू दे. शेजारी म्हणतात दूध बंद करा. आता पैलवानाचं दूध कसं बंद करायचं ओ? सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नाही. वर आता प्रोटीनचा डबा पण आणलाय. काय बंद करू सांगा.

उत्तर : दादा, तुम्ही मुलाचं एवढं बारकाईनं बघताय हे वाचून फार बरं वाटलं, मुलांच्या पिंपल्सकडं आपल्याकडं घरात कुणी लक्षच देत नाही.

दुधाचं असं आहे की दूध पिणं आणि पिंपल्स यांचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, तो साय काढलेल्या दुधात जास्त दिसलाय, पण दुधामुळंच पिंपल्स होतात असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळं वाढत्या वयाच्या कसरत करणाऱ्या पोराचं म्हशीचं दूध मी तरी एकदम तोडणार नाही. माझी नजर आधी डब्यावर जाते. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलंच प्रोटीन एकवटून केलेली पावडर, त्यानं इन्सुलिन आणि वाढीचे हार्मोन्स चढतात आणि तेल वाढतं, आणि डबा सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर फोड आले असं सांगणारी जिमची, तालमीची पोरं आमच्याकडं नेहमी येतात. तर दोन-तीन महिने डबा बंद ठेवून बघा, दूध, अंडी, डाळ, बदाम चालू दे. आणि एक गोष्ट त्याला एकट्याला जवळ बसवून प्रेमानं विचारा, अंग भरायला कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्यात का. शरीर कमवायच्या स्टिरॉइडनं पाठीवर असेच एकदम मोठे फोड येतात, आणि तसं असेल तर क्रीम लावून काही होणार नाही, उलट लिव्हरपासून हार्मोनपर्यंत सगळ्यावर परिणाम होतो. तुमच्या पोरानं घेतलंय असं मी अजिबात म्हणत नाही, पण विचारायचं राहू नये.

वस्तादांचा मान ठेवून सांगते, उष्णता बाहेर पडू दिली तर खड्डे राहतील. गाठीचे पिंपल्स जेवढे दिवस सुजलेले राहतात तेवढी खड्ड्यांची शक्यता वाढते, म्हणून लवकर उपचार.

मालिशचं तेल पाठीवर तसंच ठेवून झोपतो का ते बघा. मेहनत झाली की लगेच अंघोळ, घामाची बनियन अंगावर वाळू द्यायची नाही, टॉवेल आणि लांग (लंगोट) स्वतःचेच. कुस्तीत अंगाला अंग घासतं, त्यामुळं नायटा आणि नागिणीच्या जातीचे फोड एकमेकांना लागतात, ते पिंपल समजून हे जेल त्यावर लावलं तर नुसती आग होईल. गोल चट्टा, खाज, पाण्याचे पुंजके असं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं आणि तोवर आखाड्यात उतरायचं नाही.

बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी आणि अ‍ॅडापलीन रात्री हे वेळापत्रक डॉक्टरांनी बरोबर दिलंय, ते बदलू नका. फक्त बेंझॉइल पेरॉक्साइडनं रंगीत टॉवेल, शर्ट, उशीचे अभ्रे पांढरे पडतात, म्हणून पांढरे कपडे वापरा.

प्रश्न : मी इचलकरंजीची, वय ३४. गालावर वांगाचे डाग होते म्हणून पार्लरवालीनं एक क्रीम सांगितलं, त्यात ट्रेटिनॉइन आहे असं ट्यूबवर लिहिलंय म्हणून तुमचं वाचून मला वाटलं की चांगलंच आहे. वर्ष झालं लावतेय, पहिल्या महिन्यात चेहरा एकदम उजळला, सगळे विचारत होते काय लावतेस. आता दोन दिवस नाही लावलं तर चेहरा लाल होतो, आग होते, गॅससमोर उभं राहता येत नाही, बारीक फोड येतात आणि गालावर लव पण वाढलीय. परत लावलं की शांत होतं. म्हणजे मला हे आयुष्यभर लावावं लागणार का?

उत्तर : नाही, आयुष्यभर अजिबात नाही. ताई, तुमच्या पत्रासाठी या अंकातली सगळ्यात जास्त जागा दिली तरी मला चालेल, कारण या एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, तुमचा नाही, ज्यांनी तुम्हाला ते हातात दिलं त्यांचा.

ट्यूब हातात घ्या आणि बाकीची नावं वाचा. ट्रेटिनॉइनच्या शेजारी डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन असेल, आणि तिसरं मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन, तसलं काहीतरी. हे तिसरं म्हणजे स्टिरॉइड. वर्षभर जे चाललंय ते बहुतेक त्याचं काम आहे, त्यात बिचाऱ्या ट्रेटिनॉइनचं नाव खराब होतं. स्टिरॉइडनं सुरुवातीला सूज, लाली दबते, चेहरा उजळ दिसतो, आणि आत कातडी पातळ होत जाते, शिरा दिसायला लागतात, लव वाढते, ऊन आणि गॅसची धग सोसत नाही, फोड येतात. आणि सोडलं की सगळं उसळून येतं, म्हणून माणूस परत लावतो. तुम्ही लिहिलंय ते शब्दन् शब्द तसंच आहे.

पिंपल्सवरचं ट्रेटिनॉइन आणि वांगावरचं हे तीन औषधांचं मिश्रण, दोन्ही एकाच माणसाच्या नावाशी जोडलेली आहेत. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन म्हणून त्वचेचे डॉक्टर होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६९ मध्ये पिंपल्सवर ट्रेटिनॉइन लावून काय होतं ते छापलं आणि १९७१ मध्ये तिथं त्या औषधाला मंजुरी मिळाली. मग १९७५ मध्ये त्यांनीच वांगासाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं, ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्के डेक्सामेथासोन, हे शेवटचं स्टिरॉइड. अशी मिश्रणं आजही त्वचेचे डॉक्टर देतात, पण थोड्या आठवड्यांसाठी, नजरेखाली, आणि वेळेवर बंद करतात. आपल्याकडं तेच मिश्रण गोरं व्हायचं क्रीम म्हणून गल्लोगल्ली पोचलं. त्वचेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं यावर बरीच वर्षं आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा स्टिरॉइड क्रीम्सना असलेली सूट काढून त्या शेड्यूल एच मध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तरी मागायला लोक रोज येतात. आम्ही देत नाही, तेव्हा काहीजणी रागावून जातात, जाऊ देत.

आता तुम्ही काय करायचं. उद्याच एकदम फेकून देऊन घरी सोसत बसू नका आणि मनानं दुसरं काही लावू नका, पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, आणि जाताना ती ट्यूब सोबत न्या. इचलकरंजीत कुणी ओळखीचं नसेल तर कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. ते हळूहळू कमी करून सोडवायचं का थांबवून दुसऱ्या औषधांनी सांभाळायचं हे ठरवतात. मधले काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, चेहरा त्रास देईल, हे आधीच माहिती असू दे म्हणजे घाबरून परत त्याच ट्यूबकडं वळणार नाही. बरं होतं. तोवर साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि पार्लर पूर्ण बंद. वांगाचे डाग उन्हानं वाढतात, म्हणून सनस्क्रीन पुढंही सुटणार नाही.

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाले, आता बाळाचा विचार करतोय. मी ट्रेटिनॉइन लावते. चालेल ना? नणंद म्हणते क्रीमच तर आहे.

उत्तर : बंद कर आणि डॉक्टरांना सांग की आम्ही बाळाचा विचार करतोय. वरून लावल्यावर रक्तात जाणारं प्रमाण अगदी कमी असतं, त्यामुळं दिवस राहिल्याचं कळायच्या आधी लावलं गेलं म्हणून कुणी वाचक धसका घेऊ नये, फक्त लगेच थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घालावं. पण मुद्दाम चालू ठेवायची गरज काय, पिंपल्ससाठी त्या काळात चालणारी दुसरी औषधं आहेत.

गोळीचं मात्र पूर्ण वेगळं आहे, तिथं मी फार कडक आहे. आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी याच कुटुंबातली, पोटात घ्यायची, मोठ्या गाठींच्या पिंपल्सना फार छान काम करते. पण त्या काळात दिवस गेले तर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. गोळी सुरू करायच्या आधी एक महिना, चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, आणि गोळी चालू असताना व संपल्यावर एक महिना रक्तदानही करायचं नाही, मुलांनीसुद्धा, कारण ते रक्त कुठल्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही. मैत्रिणीची उरलेली गोळी कुणी घेऊ नका, पाया पडून सांगते.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात शेती आहे, वय २६. दिवसभर ऊसात नाहीतर ट्रॅक्टरवर. डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन ०.०२५ दिलंय आणि उन्हात जायचं नाही म्हणालेत. उन्हात नाही गेलो तर खाणार काय? सनस्क्रीन पण महाग आहे.

उत्तर : भाऊ, उन्हात जा, फक्त तयारीनं जा. हे क्रीम रात्रीच लावायचं कारण ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं, आणि वरची कातडी पातळ झाल्यानं दिवसा ऊन जास्त लागतं. सकाळी चेहरा धुवून मगच बाहेर पडायचं. रुंद काठाची टोपी आणि चेहऱ्याला सुती कापड, आपल्या कॉलेजच्या मुली गाडीवर स्कार्फ गुंडाळतात ना तसा टॉवेल बांधला तर निम्म्याहून जास्त चेहरा झाकतो आणि पैसे लागत नाहीत. उरलेल्या भागाला, नाक, गालाचा वरचा भाग, मान, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, म्हणजे ट्यूब जास्त दिवस पुरेल. मोठ्या नावाचंच पाहिजे असं नाही, पाकिटावर ब्रॉड स्पेक्ट्रम आणि एसपीएफ ३० किंवा वर लिहिलेलं बघून घ्या. घामानं जातं, म्हणून दुपारी जेवायला बसाल तेव्हा परत एकदा. औषध फवारणीच्या दिवशी तर चेहरा झाकल्याशिवाय जाऊच नका, सोललेल्या कातडीवर तो फवारा फार झोंबतो. आणि हे सगळं अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना तुमचं काम नीट सांगा, अ‍ॅडापलीन उजेडात जास्त टिकतं आणि सहसा कमी झोंबतं, कदाचित ते बदलून देतील. पावसाळ्यात आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तरी ढगातून किरणं येतात, तेव्हा टोपी तेव्हाही असू दे.

प्रश्न : माझी चुलतबहीण अमेरिकेत अ‍ॅडापलीन साध्या दुकानातून घेते, चिठ्ठी लागत नाही. मग इथं तुम्ही लोक का मागता?

उत्तर : ती बरोबर सांगतेय, तिथं २०१६ पासून ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडं कायद्यानं चिठ्ठी लागते. आणि मला ते पटतंही, कारण इथं पिंपल्स म्हणून येणाऱ्यात कुणाला स्टिरॉइडचे फोड असतात, कुणाला घामानं वाढलेल्या बुरशीचे, कुणा मुलीची पाळी चार-चार महिने आलेली नसते आणि हनुवटीवर गाठी असतात, तिला आधी पीसीओएसची, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनच्या त्रासाची, तपासणी पाहिजे. ट्यूब देणं सोपं आहे, यातलं कुठलं आहे ते चेहरा बघून डॉक्टरच सांगणार.

उरलेली पत्रं एकत्र घेते, जागा संपत आलीय. वॅक्सिंगबद्दल चौघींनी विचारलंय, ओठावर वॅक्स करायचं तर आठवडाभर आधी क्रीम बंद, नाहीतर वॅक्सबरोबर कातडी निघते आणि काळा डाग राहतो, खरं मी तर म्हणेन क्रीम चालू असेपर्यंत वॅक्स नकोच. केसांना चपचपून खोबरेल तेल लावणाऱ्या मुलींनो, कपाळावरच्या बारीक पुरळात त्या तेलाचा हात असू शकतो, तेल धुवायच्या आधी तासभर लावा, रात्रभर नको, आणि कपाळावर ओघळू देऊ नका. मिसळ बंद करू का असं एका मुलानं फार काकुळतीनं विचारलंय, तिखटानं पिंपल्स होतात याला आधार नाही, खा तू, फक्त रोजचा पाव, कोल्ड्रिंक, गोड चहा कमी केलास तर फायदा होऊ शकतो कारण साखर पटकन वाढवणाऱ्या खाण्याचा पिंपल्सशी संबंध दिसलाय. काळे डाग आणि खड्डे यात गल्लत करू नका, पिंपल गेल्यावर राहिलेला काळा किंवा तपकिरी डाग आपल्या रंगाच्या कातडीत महिनोन्‌महिने टिकतो पण रेटिनॉइड आणि सनस्क्रीननं तो जातो, खोल खड्डा क्रीमनं भरत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडं वेगळे उपचार आहेत आणि ते पिंपल्स आटोक्यात आल्यावरच करतात.

प्रश्न : मला फरक पडलाय! सहा महिने झाले, चेहरा साफ आहे. आता बंद करू का?

उत्तर : तुझ्या त्या उद्गारचिन्हानं मला सगळ्या पत्रांत जास्त आनंद झाला. एकदम बंद नको करूस. पिंपल्सची प्रवृत्ती गेलेली नसते, बूच परत तयार व्हायला लागतात आणि दोन-तीन महिन्यांनी मुलं रडत परत येतात. चिठ्ठीत क्लिंडामायसिन वगैरे अँटिबायोटिक क्रीम असेल तर ते इतके दिवस चालू ठेवायचं नसतं, जंतू त्याला दाद देईनासे होतात, ते बंद झालंय का हे डॉक्टरांना आधी विचार. रेटिनॉइड मात्र चेहरा साफ झाल्यावरही राखण म्हणून चालू ठेवतात, बऱ्याचदा कमी वेळा. माझं आठवड्यात दोन-तीन रात्रींवर आलं होतं आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं छान चाललं. बाळाच्या वेळी थांबवलं, नंतर डॉक्टरांना विचारून परत धरलं. तुझंही किती रात्रींवर आणायचं ते पुढच्या भेटीत ठरवून घे, आणि ट्यूब उघडून किती दिवस झाले ते बघ, एक्स्पायरी उलटलेली असेल तर नवीन घे.